घरची मोटार

अब्बा, पाण्याच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरायचं तुमचं दुकान होतं, त्याचा कारखाना झाला. कारखाना म्हणजे तयार मोटारी बाहेरून आणायच्या, आपलं लेबल चिकटवायचं, खोक्यात घालायच्या. तरी आयटीआयने आपल्याशी सामंजस्य करार केला. फ्लेक्सवरचा माझा चेहरा लेण्याद्रीवरूनही ओळखू आला असता. ‘उद्योग आणि प्रशिक्षण ही एकाच गाडीची दोन चाकं,’ असं मी भाषणात ठोकलं. गाडी कुठे चाललीय, हे कुणी विचारलं नाही.

तुमचा करार चहाच्या कपात व्हायचा. आयटीआयचे सर सायकल टेकवून म्हणायचे, ‘भाई, एक पोरगं ठिवा.’ तुम्ही ठेवायचात, आणि त्याला पहिली मोटार भरायला द्यायचात ती आपल्या घरची. चांगली चालणारी, मुद्दाम खोलून. एकदा बटण दाबलं नि धूर निघाला. अम्मी दारात हंडा घेऊन उभी आहे. ‘अख्ख्या जुन्नरला पाणी, आपलंच घर कोरडं.’ तुम्ही हसताय. ‘गिऱ्हाइकाची जळली तर पोरगं जन्मभर भिईल. आपली जळू दे.’ हापशावरून हंडे मात्र मी आणायचो, आणि त्या पोरांचा मनातल्या मनात उद्धार करायचो.

करारानंतर महाळुंगे पडवळची एक मुलगी आपल्याकडे शिकायला आली. मी तिला खोकी भरायला बसवलं. ‘सर, मोटार कधी खोलायची?’ ‘आधी शिस्त शीक.’ तिची मुदत संपत आली आणि आपल्या घरची मोटार जळली. तिला कळलं. ‘सर, ती मी भरू का? गावात दुकान टाकायचंय मला. लोकं आत्ताच इचारत्यात, येतं का तुला. काय सांगू?’ मी म्हणालो, ‘घरात पाणी नाही, बाई. प्रयोग कसले करतेस?’ मंचरहून मिस्त्री बोलावला. तो मोटार खोलत होता तेव्हा तिला चहा आणायला पिटाळलं.

मुदत संपल्यावर तिला प्रमाणपत्र दिलं. तिने ते उभ्याउभ्या वाचलं. ‘ह्याच्यात लिवलंय ते मला येत न्हाई, सर.’ मी फोटोसाठी हसत राहिलो.

पाण्याचं कारण खोटं होतं, अब्बा. टँकर मागवलेला होता. तिच्या हातात मोटार दिली असती, तर तारेच्या पहिल्याच वेढ्याला तिने मला काहीतरी विचारलं असतं. तुम्ही शेजारी बसायला बोलवायचात तेव्हा मी ‘हात काळे होतात’ म्हणून उठायचो. मला अजून मोटार भरता येत नाही.