अठरा कोंब्या आणि केकवाली बाई

लिमा, मंगळवार दुपार

आदरणीय आणि लाडक्या फेलिसितास मावशीस,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना (उजव्याला थोडा जास्त) एदिलचा नमस्कार. हे पत्र मी चार महिने टाळतोय. पहिल्या महिन्यात पेन नव्हतं, दुसऱ्यात पेन मिळालं पण तोंड नव्हतं, आणि पुढे इतका उशीर झाला की आणखी थोडा झाला तर तुझ्या लक्षातही येणार नाही असं वाटायला लागलं. तार्म्यात थंडी कशी आहे? ब्रिहिदा मावशीशी पटतंय ना? सख्खी बहीण म्हणून ठेवून घेतलंय तिनं, पण ती अजून बटाटे सोलता सोलता माणसंही सोलते का? (हे तिला वाचून दाखवू नकोस.)

तर मला नोकरी लागली. खुर्चीची. खुर्चीवर बसून मोबाइलवरचे खेळ बनवायचे. तू म्हणशील, स्वयंपाकाची शाळा ज्यानं दोन महिन्यांत सोडली, जमीनमोजणीच्या वर्गातली दुर्बीण ज्यानं हरवली (हरवली नाही गं, मी ती घेऊन फुटबॉलचा सामना बघायला गच्चीवर गेलो होतो, आणि शेजारच्या गच्चीवर एक मुलगी कपडे वाळत घालत होती, पण ते असो), त्याला खेळ बनवायला कोण देणार? मलाही तसंच वाटलं होतं.

मी तेव्हा बाजाराच्या कोपऱ्यावर दातेरोगिरी करत होतो. वही घेऊन उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येक कोंबी मिनीबसच्या ड्रायव्हरला त्याच मार्गावरची पुढची कोंबी किती मिनिटांपूर्वी गेली ते ओरडून सांगायचं. पुढची लांब गेली असेल तर तो रेंगाळत माणसं वेचतो, हाताशी असेल तर तिला गाठायला सुसाट सुटतो. (तू म्हणायचीस, हा धंदा नव्हे, खोकला आहे.) शेजारच्या गाडीवर काढा प्यायला यादिरा नावाची एक इंजिनिअर यायची. कोंबडी भाजणाऱ्या दुकानाच्या माळ्यावर तिची कंपनी आहे, त्यामुळे तिथली माणसं हुशार असली तरी वास तंगडीचा येतो. एकदा ती काढेवाल्याला आपला कोंबीचा खेळ दाखवत होती, मी मान घातली. तिची कोंबी वेळेवर आली, थांब्यावर पूर्ण थांबली, दार लावून घेतलं आणि निघाली. मी म्हटलं, "ताई, हे कुठलं गाव? मला तिकडे राहायला जायचंय." ती हसली नाही. म्हणाली, "मग तूच सांग कशी चालते ते." मी तिला माझ्या सात वह्या दिल्या. तिनं मला खुर्ची दिली.

पहिल्याच आठवड्यात मी खेळ बुडवला. मी सांगितलं होतं की मिनिटं ऐकल्याशिवाय कोंबी कोपरा सोडत नाही, आणि इंजिनिअर माणसं ऐकतील ते अगदी तसंच घालतात. खेळ सुरू केला, अठरा कोंब्या पहिल्या कोपऱ्यावर आल्या आणि हॉर्न वाजवत उभ्या राहिल्या. यादिरा तीन दिवस चूक शोधत होती, जेवली नाही, तेही त्या वासात. शेवटी मी म्हटलं, "अगं, त्या दातेरोची वाट बघतायत. तो घातलाच नाहीस तू."

"मग आधी बोलला का नाहीस, गाढवा?"

"तो मीच होतो ना. स्वतःला कोण मोजतं?"

आता कोपऱ्यावर माझ्या कानांचा एक दातेरो आहे आणि सगळं धावतंय.

शिवाय मी एक बाई घातलीय. थांब्यावर उभी, निळी छत्री, हातात तीन मजली केक. कितीही माणसं भरली असू देत, तिच्यासाठी थांबला नाहीत की खेळ खलास. यादिरा म्हणाली, नियम फार कडक आहे. मी म्हटलं, खरा याहून कडक आहे. त्या दिवशी तुझा स्वतःचा नवरा असून सातुर्निनो काका भरधाव कोंबी घेऊन तुझ्या समोरून निघून गेले आणि तू बाप्तिस्म्याचा केक घेऊन थेट तार्म्याच्या बसमध्ये बसलीस, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

खेळ मी काकांच्याही मोबाइलवर घालून दिला. एकोणीस वेळा हरलेत. "ही बाई मध्येच कुठून उगवते रे?" म्हणाले. तुझं नाव ते काढत नाहीत, पण तुझ्या कुंड्यांना पाणी घालतात. रोज, दोनदा. निवडुंग कुजला.

तुझा आज्ञाधारक (बहुतेक वेळा),
एदिल्बेर्तो

ता. क. खरं काम हे होतं. कोंबी टाकून गेल्यावर खेळातली ती बाई जे ओरडते, ते आम्ही आणलेली नटी फार गोड ओरडते. शुक्रवारी खेळ बाहेर पडतोय. तू त्या दिवशी जे ओरडलीस ते (पाद्रीबाबांबद्दलचं वगळून) ब्रिहिदा मावशीच्या फोनवर बोलून पाठव.

ता. क. दुसरा. त्या दिवशी "काका, पुढची एकाच मिनिटावर!" असं कोपऱ्यावरून ओरडणारा मी होतो. तू मला दिसत होतीस. वाटलं, त्यांनाही दिसशील. त्यांच्यावरचा निम्मा राग माझा आहे, तेवढा काढून इकडे पाठव. आता बसायला खुर्ची आहे, झेपेल.

ता. क. तिसरा. खाली कधीपासून हॉर्न वाजतोय, आणि आत्ता जिना चढून काका आलेत. भर धंद्याच्या वेळी. कोंबी रस्त्यात, माणसांसकट. हातात मोबाइल, पडद्यावर कोंबी थांबलेली आणि केकवाली बाई आत बसलेली. मला वाटलं जिंकल्याचं सांगायला आलेत. ते म्हणाले, "एदिल, तार्मा किती मिनिटं?" मी वही न बघता तीनशे साठ सांगितली. निघालेतच, आणि प्रवाशांपैकी दोघीजणी शेवटपर्यंत यायला तयार आहेत. पत्र काकांच्याच हाती देतोय. दार उघडून तू जे ओरडशील तेच ब्रिहिदा मावशीला रेकॉर्ड करायला सांग. वाचायच्या आधीच ओरडून झालं असेल, तर त्यांना पुन्हा बाहेर उभं कर आणि पहिल्यापासून सुरू कर. या वेळी थांबतील.