गडगडलं की प्लग

४ जुलै
स्वीडनमधल्या उपसाला विद्यापीठातला आमचा अख्खा विभाग महिनाभर सुटीवर. ढग सुटी घेत नाहीत, म्हणून मीही नाही. बायकोच्या टीरामावशीच्या उन्हाळी घरामागे, कुरणात यंत्र उभं केलं. ढगांतला विद्युतभार मोजणारी फिरती चकती. डिझाइन संपूर्ण माझं. विभागप्रमुख गुनवोर म्हणते, ऑगस्टच्या आत एका तरी वादळाची पूर्ण नोंद दाखव, नाहीतर प्रकल्प बंद. एका? दहा देईन.

११ जुलै, सायं. ५
पहिलं वादळ. झकास. नोंद मात्र पहिल्या गडगडाटालाच थांबली. ओल शिरली असणार. रोज सकाळी सहाला तपासणी करायची. नक्की.

१२ जुलै, स. १०
उद्यापासून.

१४ जुलै
ओल नव्हती. गडगडलं की मावशी घरातले सगळे प्लग काढते. टीव्ही, कॉफीचं मशीन, माझं यंत्र. म्हणाली, जावईबापू, आमच्याकडे असंच करतात. मी चाळीस मिनिटं विज्ञान समजावलं. ती बटाटे सोलत होती. शेवटी म्हणाली, तुझं ते भिरभिरं जळलं तर मला बोलू नकोस.

१९ जुलै
दुसरं वादळ. प्लगवर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. मावशी म्हणते, प्लगला हात लावलाच नाही, वायर ओढली.
बायको म्हणाली, बॅटरी लाव की. या विषयातलं कळत नसलं की सगळंच सोपं वाटतं.

२७ जुलै
गुनवोरचा फोन. विभागातली माझी खोली बर्फावर संशोधन करणाऱ्यांना द्यायचं चाललंय. अकरा वर्षं काढली त्या खोलीत. घाबरलो नाही. जेवण गेलं नाही, इतकंच.
उपाय सापडला. बायको मावशीला चार दिवस तिच्या बहिणीकडे नेणार. आता चूक होणं शक्यच नाही.

३० जुलै, दु. ४.३०
घरात मी एकटा. असं वादळ वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. समोरच्या पाइनच्या झाडावर वीज कोसळली. डोळ्यांत पाणी आलं. जिंकलो.

३० जुलै, सायं. ६
नोंद ३.५२ ला थांबली आहे. यंत्र ठणठणीत. प्लग जमिनीवर. टीव्हीचा, कॉफी मशीनचाही. मावशी शंभर किलोमीटर लांब.
लहानपणी गडगडलं की आई हाक मारायची आणि मी घरभर पळत प्लग काढायचो. आज कोणी हाक मारली नव्हती.

३१ जुलै
मावशी परतली. प्लग बघून म्हणाली, आलं बाई शहाणपण.
गुनवोरला ईमेल केली: तिन्ही वादळांत यंत्राला जराही इजा झाली नाही. तिचं उत्तर आलं. खोलीची किल्ली सोमवारी द्यायची आहे.