ढोल काढून टाकलेली होळी

१५ मार्च, शहादा

लागलं! माझं होळीचं शूट थेट चॅनेलच्या स्टार अँकरच्या, उमाकांतच्या 'जाब'मध्ये! स्ट्रिंगर म्हणून इतकी वर्षं बिबटे, अपघात, केळीवरचा करपा पाठवतेय, पण एवढ्या मोठ्या कार्यक्रमात कधी काही लागलं नव्हतं. बापूंनी शेजारच्या रूपचंदकाकांना हाक मारून बसवलं. "मन्ही पोरनं काम शे हाई!"

मग आवाज ऐकला. धडगावकडच्या पाड्यावरची ती होळी — मोरपिसांचे टोप, अंगावर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरं, हातात धाऱ्या, तीरकामठे. मी ढोलासकट पाठवलं होतं. सोबत स्पष्ट लिहिलं होतं, ही व्रतातली माणसं आहेत. यांनी ढोलच काढून टाकला! त्या जागी धडाम-धुडूम संगीत. आणि उमाकांत टेबलावर हात आपटून — "सीमेवर ही फौज कुणाची?"

बापू, होळी आहे हो ती!

"टीव्हीवाला काय येडा शे का?" म्हणाले.

१६ मार्च

मुंबईला डेस्कवर अजितला फोनावर फोन. 'होळी' हा शब्द का काढला? "मॅडम, सरांना हेडलाइन लागते." लागते म्हणे! चहा लागावा तशी.

१७ मार्च

पोलिसांनी चैत्याला उचललं. त्याला आणि आणखी दोघांना. शूटमध्ये सगळ्यात पुढे तोच दिसतो. मीच म्हटलं होतं, जरा उजेडात ये.

त्याची आई, फुलवंताबाई, वर्षभर आजारी होती. तिच्यासाठी त्याने व्रत धरलंय. तिकडे गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या रात्री पेटतात, शेवटची उद्या. तिथे नाचलं की व्रत सुटतं. तोवर निजायचं जमिनीवर, खाटेवर-खुर्चीवर बसायचं नाही. मध्येच मोडलं तर सगळं वाया.

ठाण्यात त्यांच्यापुढे खुर्च्या सरकवल्या. तिघंही फरशीवर बसले. कुणीतरी मोबाइलवर टिपून ते चॅनेलला धाडलं. मग काय, उमाकांतला कोलीतच मिळालं! "ज्यांना सरकारी खुर्ची चालत नाही, त्यांना सरकार तरी चालेल का?" स्टुडिओत टाळ्या. मला आधी हसू आलं. मग इतका संताप आला की टीव्हीच बंद केला.

फुलवंताबाई ठाण्याच्या पायरीवर बसून होत्या. मी समोर जाऊन बसले. त्या रागावल्या नाहीत. "तूच दाखवलं ना? मग तूच सांग."

१८ मार्च

आज दुपारी ठाण्याबाहेरून लाइव्ह. अजितने आधी पढवून ठेवलं — "दोनच वाक्यं, मॅडम. हत्यारं होती. पोलिसांना सहकार्य नाही. लाइन बदलू नका."

बदलली!

कानात उमाकांत गरजला, "यामिनी, काय पाहिलंत तुम्ही?" मी म्हटलं, "होळी पाहिली, सर. शूट माझंच आहे. त्यातला ढोल तुम्ही काढलात. ही माणसं व्रतात आहेत, खुर्चीवर बसत नाहीत. तुमच्या घरी उपास असतो तेव्हा तुम्ही जेवत नाही — म्हणून तुम्ही देशद्रोही होता का?"

"आमचा संपर्क तुटलेला दिसतोय." फोनला रेंज फुल्ल!

ठाणेदार आत मोबाइलवर हेच लाइव्ह बघत होते. बाहेर आले, इकडेतिकडे पाहिलं. "होळी आहे हे मलाही माहीत होतं हो. कुणीतरी बोलायला हवं होतं." मला त्यांचाही रागच आला. पण दिवस मावळायच्या आत तिघांना सोडलं. पाड्यावरची जीप तयारच होती. चैत्या मागे उभा राहिला. बसला नाहीच पठ्ठ्या! वळणापर्यंत हात हलवत होता.

१९ मार्च

मला चॅनेलच्या ग्रुपमधून काढलं. काढा! तुमच्या भरवशावर जन्माला आले नव्हते. चैत्याचा फोन आला — नाचला, व्रत सुटलं, आईने दोन भाकरी खाल्ल्या.

संध्याकाळी उमाकांतने माझा फोटो दाखवला, भोवती लाल गोल. "ही बाई कुणाची?" कुणाची म्हणजे? शहाद्याच्या हेमकांतची पोरगी आहे मी! ये इथे आणि विचार माझ्या बापाला.

२० मार्च

बापूंनी ताट बाजूला सारलं. माझ्याकडे बघेनात. मग हळूच म्हणाले, "खरं सांग बेटा, तुन्हा कान कोनी भरात?"

उमाकांतचं काहीच लागलं नव्हतं मला. हे लागलं.