शेवटचे दोन सभासद

पोर्ट सेव्हरिन,
१४ जून २०१९

प्रिय युलाली,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला ठेवशील अशी भीती वाटते. पत्ता तुझ्या भाचीने दिला. देताना म्हणाली, "देते अंकल, पण आत्या उत्तर देईल अशा भ्रमात राहू नका." तशा भ्रमात मी नाही.

बातमी अशी की पास्कल सर गेले. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात. बारा वर्षं या बेटाचा कारभार पाहिलेला माणूस, पण शवपेटी उचलायला आपल्या पक्षाची सहा माणसं निघेनात. मी होतो, पण माझे गुडघे आता माझंही ओझं कुरकुरत उचलतात. शेवटी मजूर पक्षाचा खासदार बाकावरून उठला आणि त्याने आपल्या पाच जणांना खुणावलं. ज्यांना आपण जन्मभर 'उपटसुंभ' म्हणत आलो, त्यांच्या खांद्यावरून सर गेले. मी हॅट हातात धरून मागून चालत होतो.

लेस्ट्रेडच्या कापड दुकानावरची ती खोली आठवते का? मळेवाले, दुकानदार, दोन हेडमास्तर आणि फादर, एवढ्यांनी मिळून पक्ष काढला. 'सावकाश, पण नीट' ही घोषणा सरांची. फलक तू रंगवलास, आणि पक्षाची खूण म्हणून काढलेल्या घंटेकडे बघून भर बैठकीत म्हणालीस, "सर, ही घंटा आहे की उलटी घातलेली कढई?" कोणी हसलं नाही. मी हसलो, खाली मान घालून. तेव्हापासूनच मी तुझा, हे तुला कळलं होतं की नाही कोण जाणे. लोक आपल्याला मळेवाल्यांचा पक्ष म्हणायचे, ते काही खोटं नव्हतं. पण बाजारात जायफळ विकणारी माझी आईही घंटेलाच मत द्यायची. जे थोडंफार हाती आहे ते हातचं जाऊ नये, एवढंच तिचं राजकारण.

तू टोरांटोला गेल्यानंतरचं सांगतो. स्वातंत्र्याच्या वेळी सगळं बेट नाचत होतं आणि आम्ही चौकाचौकांत भाषणं देत होतो, की स्वातंत्र्य घ्यायचंच, पण पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी लोकांनी आम्हालाच घरी बसवलं. एकही जागा आली नाही. मग कधीतरी एक आली, तीही गेली. खोलीचं भाडं थकायच्या आत आम्ही ती सोडली, टाइपरायटर आणि सभासदांची वही माझ्या घरी आली. गेली तीन वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सर यायचे. कोकोचा चहा, बेक्स म्हणजे आपल्या त्या तळलेल्या पोळ्या, आणि सभा. कोरम पाचाचा, हजर दोघं, सबब सभा तहकूब, असं मी लिहायचो आणि सर गंभीर चेहऱ्याने सही करायचे. ते गेल्यावरच्या रविवारी मी एकट्याने दुखवट्याचा ठराव मोठ्याने वाचला आणि अनुमोदनाची वाट बघत बसलो. अंगणात शेजाऱ्यांच्या कोंबड्या होत्या.

निवडणूक कचेरीत गेलो तर तिथली मुलगी म्हणाली, "मिस्टर डुव्हर्नी, तुमचा पक्ष अजून आहे?" कुजकं बोलली नाही बिचारी, तिला खरंच माहीत नव्हतं. तिने नियम काढून दाखवला. पक्ष मोडायचा तर उरलेल्या सगळ्या सभासदांच्या सह्या हव्यात, आणि दप्तरासाठी पक्षाचा एक पानी इतिहास. घरी येऊन वही उघडली. सगळ्या नावांवर माझ्याच हाताच्या तांबड्या रेघा. दोन नावं कोरी, माझं आणि तुझं. तू त्या खोलीची किल्ली टेबलावर आपटून निघून गेलीस, पण राजीनामा दिला नव्हतास. आणि तुझ्या नावावर रेघ ओढायला माझा हात कधी धजला नाही.

इतिहास लिहायला बसलो आणि एकोणीसशे त्र्याहत्तरच्या मार्चपाशी अडलो. धक्क्यावरचा संप. केळीची बोट उभी, हमाल खाली बसलेले, त्यांत तुझा भाऊ ऑसबर्ट. दुसऱ्या दिवशी पक्षाच्या पत्रकात आलं, 'पोलिसांनी बळाचा वापर केला नाही. तत्पूर्वीच उडालेल्या चेंगराचेंगरीत एक इसम जखमी झाला.' तू ते पत्रक माझ्यासमोर धरून विचारलंस, "कोणी लिहिलं हे?" मी म्हणालो, "वरून आलं." तू सरांशी भांडलीस. सरांनी माझं नाव सांगितलं नाही, आणि मी गप्प उभा राहिलो.

युलाली, ते मी लिहिलं होतं. आणि ऐकून नाही, बघून. मी जकात कचेरीच्या व्हरांड्यात उभा होतो. हवालदाराची काठी ऑसबर्टच्या डोळ्यावर पडताना मी पाहिली. तो खाली बसलेला होता. त्याने हातसुद्धा वर केला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी, तो जायच्या थोडे दिवस आधी, मी त्याला भेटायला गेलो. तुला कमरेच्या ऑपरेशनमुळे येता आलं नव्हतं. कबुली द्यायला गेलो होतो, पण बोलत बसलो पावसापाण्याचं. तोच हसून म्हणाला, "अरे, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. 'तत्पूर्वीच' हा शब्द या बेटावर तुझ्याशिवाय कोण वापरतो?" मी विचारलं, मग बहिणीला का नाही सांगितलंस? म्हणाला, "माझा एक डोळा गेला तेवढा पुरे होता. तिचा माणूसही माझ्यापायी जायला नको. शेवटी ती गेलीच. आता सांगायचं ते तू सांग."

ते सांगायलाही मला दोन वर्षं लागली. सोबत पक्ष मोडायचा अर्ज आहे आणि इतिहासाचं ते एक पान. त्यात धक्क्यावर काय झालं, खोटं पत्रक कोणी लिहिलं, हे माझ्या नावासकट लिहिलंय. ते दप्तरात जाईल, कोणीही वाचेल. त्याआधी तू वाचावंस, माझ्याकडून, म्हणून हे पत्र. सहीसाठी नाही. त्या पानाखाली माझ्या नावाशेजारी तुझं नाव नको वाटलं, तर अर्ज कोराच राहू दे; पक्ष माझ्याबरोबर मोडेल, त्याला फार दिवस नाहीत. परदेशचं टपाल इथे मंगळवारी येतं. मी मंगळवारी पोस्टात जात जाईन.

तुझाच,
अ‍ॅन्सेल्म