साहेबांच्या दारची ओटी

१२ मार्च १९७३

उद्या मोर्चा! तलावाचं दुष्काळी काम बंद करून बायकांना चार कोस पल्याडच्या कामावर धाडायचं ठरवलंय सरकारनं. अंगावरची पोरं घेऊन रोज कशा जाणार? साळूबाई आली होती — नवरा फौजेत होता तिचा, पासष्टच्या लढाईत गेला. म्हणाली, "बाई, मामलेदारासंगं तुमीच बोला. आमचं कोन ऐकतंय?" मीही मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

१३ मार्च

तोंड दाखवायला जागा नाही.

मामलेदार कचेरीत नव्हते, म्हणून आम्ही सगळ्या त्यांच्या बंगल्यावर गेलो. घोषणा जोरात! तेवढ्यात मामलेदारीणबाई दारात — उमावहिनी. आमच्या सांगलीच्याच. "अगं शरयू, तू? पहिल्यांदाच येतेस, आत ये की." गेले. पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. सवाष्णीनं ओटी नाकारायची कशी? साहेब आतूनच म्हणाले, "बघू, वर लिहितो."

बाहेर आले तर बायका उन्हात ताटकळलेल्या, आणि माझ्या पदरात साहेबांच्या घरचा नारळ! घोषणेला हात वर करावा तर ओटी सांडणार. "साहेब विचार करणार आहेत," एवढंच कसंबसं बोलले.

साळूबाईनं पदराकडं पाहिलं. "वटी सांभाळा बाई. सावकाश जावा घरला."

१४ मार्च

नारळ कोनाड्यात तसाच. हे म्हणाले, "फोड की, चटणी तरी कर." खेकसले त्यांच्यावर! त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष?

१६ मार्च

मन खाऊ लागलं म्हणून साळूबाईच्या घरी गेले. तलावावरच्या आणखी बायका बसल्या होत्या. माफी मागितली. "आवं, त्यात काय? दारची वटी कुनी नाकारतं व्हय!" असं म्हणत साळूबाईनं माझ्यासाठी घोंगडं अंथरलं. परवापर्यंत मी त्यांच्यातच भुईवर बसायची, त्यांच्याच चंचीतलं पान खायची. आज घोंगड्यावर मी एकटी, बाकी सगळ्या खाली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२० मार्च

बायका काल परत बंगल्यावर गेल्या! मला निरोपसुद्धा नाही. काम इथंच चालू राहणार, आज दवंडी पिटली.

शेजारची मनुबाई तलावावरच कामाला जाते, पण काल तीही घरीच होती. तिला विचारलं, आपल्याला का नाही नेलं गं? ती मान खाली घालून म्हणाली, "साळूबाई म्हनली, सवाशिनींनी घरी ऱ्हायाचं. जिची वटी कुनी भरत न्हाई, तिनंच चलायचं."