पाइपातली तिसरी हाक

३ फेब्रुवारी, चुडावा

आले एकदाची! पाथरीहून एसटी, परभणीहून रेल्वे, आणि स्टेशनावर न्यायला चक्क जीप. काय थाट निवेदिताबाईंचा! गॅस ओमानचा, जहाज इटलीचं, पाइप कोरियाचा आणि जमीन आमच्या चुडाव्याची. समुद्राच्या तळातून येणारी ही लाइन पुढं शेकडो मैल जमिनीखालून येऊन इथं ज्वारीच्या रानात वर निघते. गॅस अजून सोडलेला नाही, म्हणून पाइपाचं तोंड उघडंच आहे. जहाजावरून वायरलेसवर हाक आली की उत्तर द्यायचं, एवढंच माझं काम. धाकटा भाऊ श्रीराम त्याच जहाजावर वेल्डर आहे. त्याच्या वशिल्यानं लागले म्हणून चिडवतात मेले. चिडवू देत. स्वयंपाकाला कडूबाई आहेत. पिठलं लय झणझणीत करतात.

७ फेब्रुवारी

आज बोलणी खाल्ली. जहाजावरच्या इटालियन साहेबानं हाक मारली आणि मी थांबले. सवयच तशी. माणूस नसलेलं एकदाच हाक मारतं, ओ दिली की ओढून नेतं. म्हणून तिसऱ्या हाकेलाच ओ द्यावी, असं आईनं आम्हा भावंडांना घास भरवता भरवता शिकवलेलं. साहेब म्हणाला, चार देशांचा करार आहे, पहिल्या हाकेला उत्तर आलं नाही तर काम थांबतं. आता त्याला काय कप्पाळ सांगू? उद्यापासून पहिल्या हाकेला ओ.

१२ फेब्रुवारी

भर दुपारी पाइपाजवळ उभी होते. आतून श्रीरामचा आवाज आला, "ताई." तोंडातून निघूनच गेलं, "ओ." नवी सवय, दुसरं काय. मग आतून कुणीतरी माझ्याच आवाजात "ओ" म्हणून पाहिलं. हळू. पुन्हा एकदा, जरा बरं. कडूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, मधले समदे व्हॉल्व्ह बंद हायत म्हणत्यात, आवाज येईलच कसा? मग माझ्याकडं बघत विचारलं, ओ तर दिली न्हाई ना? मी खोटं बोलले.

१३ फेब्रुवारी

कडूबाई आल्या नाहीत. वायरलेसवर श्रीराम भेटला. काल दुपारी तो झोपला होता, पाइपाकडं फिरकलाही नाही. लय भीती वाटतेय. त्याला काही सांगितलं नाही, उगीच घाबरेल.

१५ फेब्रुवारी

सकाळी श्रीरामचा मेसेज. म्हणतो, पाइपातून तुझी हाक आली, एकदाच आली म्हणून गप बसलो. शहाणं माझं पोर. लगेच लिहिलं, ओ देऊ नकोस. मेसेज जाईना. वायरलेसवर नुसती खरखर.

ते तर एकदाच हाक मारतं. पुन्हा नाही मारणार. नाही ना —

दुपार

दुसरा मेसेज. "ताई, परत हाक मारलीस. तूच हायस ना? तिसरी मार, मंग ओ देतो."

फोन लागत नाही. वायरलेस मेलेला. ओरडून सांगायला एकच वाट उघडी, पाइपाची. पण मी ओरडले तर तीच तिसरी —

नाही. तोंडात पदर कोंबून बसलेय.

मी गप्प आहे. पाइपात माझा आवाज —

"श्रीराम."

देऊ नकोस रे. बाळा, देऊ न —

लांबून, लय लांबून, त्याचाच —

"ओ, ता