न झिजणारी चकती

सोमवार, ३

आलो बुवा एकदाचे! घर दोन खोल्यांचं, पण खिडक्या मोठ्या. सामान सोडायच्या आधीच ताईनं शिवणयंत्र उजेडाच्या खिडकीशी लावलं आणि जाहीर केलं, की आता उरलेली जागा तुझी. आई-वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, ती सोळाची. तेव्हापासून उरलेली जागाच माझी असते, आणि ती मला कधी कमी पडलेली नाही.

कामावरही स्वागत चांगलं झालं. इथं काचेवर धातूचा थर चढवतात, केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. चेंबरमधली हवा ओढून घ्यायची, थोडा आर्गॉन वायू सोडायचा, वीज द्यायची. आत जांभळा उजेड पडतो. वायूचे कण मिश्रधातूच्या चकतीवर आदळतात आणि तिचा धातू कणाकणानं उडून समोरच्या काचेवर बसतो. चकती बसवणं, उतरवणं, वजन करणं हे माझं काम. ताईला समजावलं तर म्हणाली, म्हणजे तू काचेला पावडर लावणार, एवढंच ना ठोंब्या? एवढंच.

चकत्या कातणारे लेथवाले मामा भले वाटले. घरी कोण कोण, त्यांनी विचारलं. बहीण आहे म्हटलं. चहा अर्धा टाकून उठले.

गुरुवार, ६

साहेबांनी आज कपाटातून एक चकती काढून दिली. फडक्यात गुंडाळलेली, वर नंबर नाही, कागद नाही. निकेल-क्रोमची असावी. माझ्याआधीचा माणूस हीच वापरायचा म्हणे. थर इतका एकसारखा बसला, की साहेब काच उजेडात धरून दोनदा हसले.

मंगळवार, ११

गंमतच आहे. चकतीवर मारा होतो तिथं गोल खोबण पडते, बांगडीएवढी, रोज थोडी खोल. ही मात्र पाच दिवस चालून सपाट आहे. वजन सोळाशे बारा ग्रॅम. पहिल्या दिवशीही तेवढंच होतं. काचेवर थर बसतोय, मग धातू येतो कुठून? काटा तपासून घेतला. काटा ठीक आहे.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, देव देतो तेव्हा काटा बघू नये. सगळ्यांसमोर पाठ थोपटली. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

शुक्रवार, १४

ताईचा फोन तिच्या बोटानं उघडत नाही. मी तिची बोटं पाहिली. टोकं गुळगुळीत झाली आहेत, रेषाच नाहीत. ती म्हणाली, तीस वर्षं सुई धरल्यावर काय राहणार? पटलं मला. पटवून घेतलं.

बुधवार, १९

ताईनं पाठ खाजते म्हणून तेल लावायला सांगितलं. दोन्ही खांद्यांच्या मधे गोल खोबण आहे. बांगडीएवढी. जखम नाही, रक्त नाही, दुखत नाही. कातून काढल्यासारखी, साफ. माझं बोट तिच्यात बसलं.

मी म्हटलं, काही नाही, घामोळं आहे.

गुरुवार, २०

मामांना गाठलं. आधी टाळत होते. मग लेथ बंद केला आणि खाली बघून बोलले. आधीच्या माणसाची बायको अशीच गेली. मग मुलगी. चकती बसवणाऱ्याच्या घरचं माणूस झिजतं, चकती नाही. मी ओरडलो, पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, त्याला सांगितलं होतं. तो हसला होता.

मामा एकटे राहतात. म्हणून टिकलो, म्हणाले.

शुक्रवार, २१

चकती उतरवली. काम सोडतो म्हणून सांगितलं. साहेबांनी शांतपणे ती स्वतः परत बसवली. संध्याकाळी ताईची खोबण पाहिली. सूतभर वाढलेली. या खेपेला पहिल्यांदा बसवणारा मी. आता कुणी का बसवेना, झिजणार ताईच.

शनिवार, २२

साहेब दुपारी जेवायला गेले तेव्हा मामांनी कारखान्यातल्या भट्टीचं मागचं दार उघडून दिलं. चकती भट्टीत टाकली. लाल झाली, कडा मऊ पडायला लागल्या. तेवढ्यात शेजारणीचा फोन. तुमच्या ताई तापानं फणफणल्यात, हात लावला तर चटका बसतोय, लवकर या—

मीच चिमट्यानं बाहेर काढली. या हातांनी.

थंड झाल्यावर पाहिली. सपाट. सोळाशे बारा.

सोमवार, २४

ताप उतरला. ओठ फुटलेत. डॉक्टरांनी पाठ पाहिली, पुन्हा पाहिली, मग मला बाहेर नेऊन विचारलं, कुणी केलं हे? काय सांगू? मी केलं म्हटलं असतं तर खरंच होतं.

ताईला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, तू जेवलास का?

मंगळवार, २५

साहेबांनी तशाच आणखी चार मागवल्यात. कुठून, विचारू नको म्हणाले. पाय धरले त्यांचे. ते घड्याळ बघत होते.

बुधवार, २६

मामा आले नाहीत. लेथवर फडकं टाकलेलं. पाचही चेंबर चालू— खिडकीतून जांभळा उजेड— दार आतून लावलेलं. हात सुजेपर्यंत बडवलं. कुणी—

ताई आता हळू बोलते. कागद सरकल्यासारखं.

गुरुवार, २७

सकाळ. ताई यंत्राशी बसली. बसवली मीच, उशी लावून. कपडे सगळे ढगळ झालेत, नवा अंगरखा शिवते म्हणाली. माप घे माझं. इतकी वर्षं जगाची मापं घेतली, माझं कुणी घेतलंच नाही. हसली.

मी टेप घेतली. खांदा लिहिला. बाही लिहिली. ती म्हणाली, नीट घे ठोंब्या, घाबरतोस काय. मग छातीचं माप. टेप पाठीवरून घेतली. टेकेचना. जरा ओढली, तर ती आत— ताई पुढं बघत होती, किती भरलं विचारत होती— मी आणखी ओढली आणि टेप तिच्या अंगातून आरपार माझ्या हातात—